तीन अक्षरांची जागा

बुएनोस आइरेस, ३ मार्च १९८२

झुले,

सोबत कॅसेट आहे. आधी हात धू. तू पत्र उघडतेस तेव्हा तुझ्या बोटांना खडू असतो, आणि तुझा टेपरेकॉर्डर खडू खाऊन खाऊनच घरघरतो असं रुलोचं म्हणणं आहे. रुलो म्हणजे आमचा कुरळ्या केसांचा गिटारवाला. ईस्टरला तुझ्याकडे आला होता, त्याला तू तीनदा वाढलंस आणि चौथ्यांदा "पुरे आता" म्हणालीस, तोच तो.

पहिलं गाणं ऐक. चाल माझी आहे आणि या वेळी चांगली जमलीये, हे मीच सांगते. शब्द नाहीत. नेहमीप्रमाणे सनाता गायलेय: शालावा देरी नामे, पारालो वालाला. इथे सगळ्या बँडमध्ये असंच चालतं. आधी तोंडाला येईल ते बरळायचं. ते इंग्रजीसारखं वाटलं पाहिजे आणि त्याला अर्थ असता कामा नये. मग कुणीतरी शहाणं माणूस बसून त्या बरळण्यात शब्द बसवतं. आमचं शहाणं माणूस बसाविलबासोच्या शाळेत चौथीला भूगोल शिकवतं. मध्ये रुलोनेही प्रयत्न केला. त्याने एका कडव्यात 'वारा' नऊ वेळा घातला. आम्ही त्याला जेवायला पाठवलं.

अट एकच. कडव्याच्या शेवटी मी 'वालाला' करते ना, तिथे चाल एकदम वर चढते. तिथे मला तीन अक्षरं पाहिजेत आणि शेवटी 'आ'. 'ई' नको. 'ई'वर माझा घसा आवळतो आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी मी ओरडते. बाकी सगळं तुझं राज्य.

विषय तूच ठरव. पण मला सारखं वाटतं की हे गाणं प्रवासाला निघालंय. लहानपणी कुठेतरी गाडीत चढलंय आणि म्हातारपणापर्यंत त्याला उतरायचं नाहीये. ऐकशील तेव्हा कळेल.

तुझी इरुपे

ता. क. या वेळी तरी तुझं नाव घालू का? शेवटचं विचारते.


बसाविलबासो, १९ मार्च १९८२

इरुपे,

टेपरेकॉर्डर जिवंत आहे. चौदा वेळा ऐकलं. शेजारच्या बाईंनी, दोन्या एउफेमियांनी, भिंतीपलीकडून विचारलं, ही कुठली भाषा? मी म्हटलं, तुर्की. त्यांचं समाधान झालं.

माझं नाव घालायचं नाही. आमच्या तपासनीस साहेबांना पोरांचे केस कानावर आलेले चालत नाहीत. रॉकच्या गाण्याखाली बाईंचं नाव दिसलं तर मला भूगोलातून थेट नकाशाबाहेर काढतील. रुलोचं नाव घाल. बिचाऱ्याने नऊ वेळा वारा लिहिला, त्याला काहीतरी मिळू दे.

शब्द खाली आहेत. ते कुठून आले ते आधी सांगते. लहानपणी तू रोज एकच विचारायचीस, "पापा गेले तेव्हा तू कुठे होतीस?" मी सांगायचे, रेल्वेच्या फाटकावर. दुपारची वेळ होती. आई दाराला कडी लावून आत बसली होती आणि तू तिच्याजवळ झोपली होतीस, चार वर्षांची. मी भांडी घासत होते, तशीच आईचा एप्रन घालून मागच्या खिडकीतून पळाले आणि फाटकाच्या लोखंडी दांड्यावर चढून बसले. तो प्लॅटफॉर्मवरून चालला होता. खांद्यावर पत्र्याची पेटी, डोक्यावर वर्कशॉपची टोपी. डबे सात होते, मी मोजले. इथवर मी रोज सांगायचे. मग तू विचारायचीस, "मागे वळून बघितलं का गं त्यांनी?" आणि मी म्हणायचे, झोप आता.

आता अठ्ठावीस वर्षांची झालीस, उत्तर देते. नाही बघितलं. मी हाक मारली. दोनदा मारली. पंधरा पावलांवर होता. वळला नाही. डब्यात चढला आणि दार ओढून घेतलं.

मी तेच लिहायला बसले होते. पण तुझ्या त्या चढत्या जागेत 'वळला नाही' मावेना. पाच अक्षरं होतात, आणि शेवटी नेमका तुझा तो मांजराचा 'ई'. दोन दिवस डोकं फोडून घेतलं. शेवटी 'नाही' काढून टाकलं. उरलं ते तीन अक्षरांचं, शेवटी 'आ'. गाणं आहे, कोर्टातली जबानी नव्हे.

फाटकावर बसून मोजले डबे,
सात ते होते, आठवी मी झाले.
गावं आली, गावं गेली, केस झाले पांढरे,
उतरायचं कुठे ते कुणी ना बोलले.
पण निघताना तो एकदा
वळला, वळला, वळला.

पुढची दोन कडवी मागच्या पानावर. 'पांढरे'चा 'ढ' नीट म्हण, तू तो खातेस.

झुलेमा


बुएनोस आइरेस, २ जून १९८२

झुले, झुले, झुले!

तुमच्याकडे रेडिओ लागतो की नाही? इंग्रजांशी युद्ध सुरू झाल्यापासून इंग्रजी गाणी वाजवायची नाहीत असं ठरलंय, आणि मग रेडिओवाल्यांच्या लक्षात आलं की वाजवायला दुसरं काही नाहीच. म्हणून आता आम्ही. सकाळी दाढी करताना, दुपारी शेवया उकळताना, सगळीकडे 'फाटकावरची मुलगी'. लढाईमुळे आमचं नशीब उघडलं, हे मोठ्याने म्हणायची लाज वाटते. रुलोचा भाऊ तिकडे बेटांवर आहे. रुलो गाणं संपलं की कोपऱ्यात जाऊन बसतो.

शनिवारी फ्लोरेसच्या क्लबमध्ये आठशे माणसं होती. 'पण निघताना तो एकदा' म्हणून मी थांबले आणि पुढचं त्यांनीच म्हटलं. वळला, वळला, वळला. बायका रडत होत्या. एक पोलीसही म्हणत होता. 

आणि एक सांगायचंय. रागावू नकोस. एका मासिकाचा माणूस आला होता, त्याने विचारलं, ही मुलगी तुम्हीच का? नाव घालू नकोस असं तूच म्हणाली होतीस. मग मी काय सांगायचं होतं? रुलो आहे म्हणून? मी म्हटलं, हो, मीच. मग त्याने आणखी विचारलं आणि मी सांगत गेले. खरं सांगू? सांगता सांगता मला सगळं दिसायला लागलं. ती पेटी, एप्रनच्या नाड्या. टोपीला येणारा ग्रीसचा वासही आला. मला वाटतं, मला खरंच आठवतंय, झुले. चार वर्षांच्या मुलीला आठवू शकतं.

मासिकाचं पान पाठवतेय. फोटोत माझं नाक मोठं आलंय.

इरुपे


बसाविलबासो, ११ जून १९८२

इरुपे,

नाक मोठं आलेलं नाही, आहेच.

टोपीला ग्रीसचा वास होता हे तुला मी सांगितलं. साठ साली, तुझा पुढचा दात पडला आणि तू रडायची थांबेनास, तेव्हा. एप्रनच्या नाड्याही मीच सांगितल्या. मी सांगितलं नसतं तर तुला पापांना टोपी होती की शिंगं, हेसुद्धा कळलं नसतं.

ते पान तुझ्या पत्राच्या आधी इथे पोचलं. दोन्या एउफेमिया ते नाचवत आल्या. म्हणाल्या, "धाकटीची स्मरणशक्ती काय हो! एवढीशी होती. आणि तुम्ही तर चांगल्या मोठ्या होतात बाई, तुम्हाला काहीच कसं आठवत नाही?" मी म्हटलं, मला राजधान्या आठवतात. त्या गेल्यावर मी एक बशी फोडली. चांगल्यातली.

शाळेत मधल्या सुट्टीत चौथीची पोरं बाकावर चढतात आणि किंचाळतात, वळला, वळला, वळला. त्यांना खाली उतरवायचं काम माझं. कालच माझ्या शब्दांबद्दल मी एकाचा कान पिळला.

मी आडून लिहीत नाही, तुला माहीत आहे. मला तुझा हेवा वाटतो. टाळ्यांचा नाही. आठशे माणसांसमोर मला दरदरून घाम फुटेल. मला गाता येत नाही आणि फोटोही नकोत. मला हेवा वाटतो त्या दांड्याचा. तो दांडा माझ्या मांड्यांना टोचत होता. वर चढताना गुडघा खरचटला त्याचा व्रण माझ्या पायावर आहे, तुझ्या नाही. आईचा एप्रन होता आणि आत मी होते. लोक तिथे तुला बसवतात आणि तू खुशाल बसतेस.

आयत्या बिळावर नागोबा.

मुलांकडून सैनिकांसाठी पत्रं लिहून घेतेय. रुलोच्या भावाचं नाव आणि तुकडी कळव, त्याला पाठवते. रुलोला सांग, या खेपेला आला तर चौथ्यांदाही वाढीन.

झुलेमा


बुएनोस आइरेस, ३० ऑगस्ट १९८२

झुले,

बसून वाच. उभी असशील तर खरंच बस.

काल, रविवारी, बाहिया ब्लांकाला आमचा दुपारचा कार्यक्रम होता. संपल्यावर मी मागच्या दाराने निघाले तर दाराशी एक म्हातारा. कोटाला कडक इस्त्री, गळ्याशी बटण लावलेलं. हातात मासिकाचं ते पान, घडीवर घडी घातलेलं. तो टोपी काढून म्हणाला, "एलेउतेरिओ बार्सोला." असं पूर्ण नाव, नोकरी मागायला आल्यासारखं. मी म्हटलं, मीपण बार्सोला. आणि मग मला त्याचे डोळे दिसले. तुझेच आहेत, झुले. तू पेपर तपासताना असतात ना, तसे.

कोमोदोरोला तेलाच्या विहिरींवर होता, चोवीस वर्षं. एक रात्र आणि एक दिवस बसमध्ये बसून आला. रुलोने आमच्यासाठी समोरच्या खानावळीत टेबल मिळवलं.  मग तो म्हणाला, "गाणं रेडिओवर ऐकलं. फाटकावर होतीस ती तू?" माझ्या तोंडून निघून गेलं, हो. तो म्हणाला, "मला वाटलं नव्हतं तुला दिसलं असेल." मी विचारलं, काय? तो म्हणाला, "मी वळलो ते."

वळला होता, झुले! तुझ्या गाण्यात चुकून खरंच आलं!

मी म्हटलं, "दिसलं, पापा." मग आम्ही दोघंही रडलो. त्याने माझ्या ताटातलं मांस घेऊन बारीक कापून दिलं, लहान मुलीला देतात तसं. अठ्ठावीस वर्षांच्या बाईला! मी सगळं खाल्लं. मी तर मांस सोडलंय, तुला माहीत आहे.

लगेच लिही. तुला कसं वाटतंय ते लिही.

इरुपे


बसाविलबासो, ९ सप्टेंबर १९८२

इरुपे,

मला कसं वाटतंय? मांस कापून दिलं म्हणतेस. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या पानासमोर बसले. त्याने मला एक संत्रं सोलून दिलं नाही.

तो वळला नव्हता. वळला हा शब्द मी लिहिला, बसाविलबासोला, स्वयंपाकघरात, तुझ्या घशासाठी. तुझ्या घशाला 'ई' झेपला असता तर आज रेडिओवर अख्खा देश 'नाही, नाही, नाही' म्हणत असता आणि तो माणूस कोमोदोरोहून हललाही नसता. माझे शब्द पाठ करून तो तुझ्यापुढे आला आणि तुला परत ऐकवले. तुम्ही दोघं रडलात. बिळात एक नागोबा होता, आता दोन झाले.

तुला एवढं साधं कळत नाही? वळला असता तर त्याला दिसलं असतं की दांड्यावर कोण बसलंय! नऊ वर्षांची की चार वर्षांची, एवढं तर बापाला ओळखता येतं. 'ती तू?' असं त्याला विचारावं लागलं, कारण त्याने पाहिलंच नाही. त्याने फक्त ऐकलं असेल. किंवा तेही नसेल.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. रेकॉर्डवर नाव नको होतं, आजही नको. पण त्याला सांग. फाटकावर झुलेमा होती, एवढं एकच वाक्य. लोकांना काय वाटायचं ते वाटू दे, दोन्या एउफेमियांनाही वाटू दे. फक्त त्याच्या डोक्यात त्या दांड्यावर मी असले पाहिजे. तुझ्यासाठी ती सगळी दुपार मी चोवीस वर्षं सांभाळली आणि रोज थोडी थोडी तुला भरवली. आता तो ती तुझ्याच नावाने घेऊन फिरतोय. हे मला सहन होत नाही.

आणि माझ्याबद्दल काही विचारलं का त्याने? चार पानं लिहिलीस, त्यात मी फक्त डोळ्यांपुरती आहे.

झुलेमा


बुएनोस आइरेस, २५ सप्टेंबर १९८२

झुलेमा,

विचारलं. "मोठी कशी आहे?" म्हणाला. मी म्हटलं, शिक्षिका आहे, लग्न केलं नाही, आईचं शेवटचं सगळं तिनेच केलं. तो म्हणाला, "ती मला दारात उभं करायची नाही." मी म्हटलं, नाही करणार. चूक बोलले का?

मी त्याला सांगणार नाही.

तू म्हणतेस तो वळला नाही. तू नऊ वर्षांची होतीस आणि रडत होतीस. रडणाऱ्या माणसाला काय दिसतं? जो चालत होता तो स्वतः म्हणतो वळलो. मी कुणाचं खरं धरू?

आणि धरायचं नसलं, तरी मी धरणार आहे. तुझ्याकडे नऊ वर्षं आहेत. तुला त्याचा आवाज माहीत होता, तो शिटी कशी वाजवायचा ते माहीत होतं. तुला त्याचा राग येतो, रागसुद्धा तुझा स्वतःचा आहे! माझ्याकडे काय होतं? तू जे सांगशील ते. तुझ्या मनात असेल तेवढंच आणि तू थकेपर्यंत. मग झोप आता. लहानपणी मला तुझा इतका हेवा वाटायचा की मी तुझा तो गुडघ्यावरचा व्रण बघून माझा गुडघा विटेवर घासला होता. तुला आठवत नसेल. आईने मार दिला तो मलाच.

आयुष्यात पहिल्यांदा मला बापाकडून काहीतरी थेट मिळालंय, तुझ्या हातून न येता. ताटभर मांस आणि एक वळणं. तेही तुला हवंय.

ओळ बदलता येणार नाही. ती आता माझी नाही आणि तुझीही नाही. लोक म्हणतात, त्यांची आहे ती.

राग जाईपर्यंत लिहू नकोस.

इरुपे


बसाविलबासो, ७ नोव्हेंबर १९८२

इरुपे,

राग गेलेला नाही, तरी लिहिते.

मंगळवारी मृतांचा दिवस. सकाळी आईला फुलं घालून आले, तर घराच्या फाटकाशी एक जिवंत माणूस उभा. इस्त्रीचा कोट, गळ्याशी बटण. त्याने टोपी काढली आणि मला म्हणाला, "बाई, झुलेमा बार्सोला इथेच राहतात का?" मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, "हो का." मग आम्ही दोघंही दोन्या एउफेमियांच्या मांजराकडे बघत राहिलो. पत्ता तूच दिला असणार. विचारत नाही.

दारात उभं करणार नाही असं तू त्याला सांगितलं होतंस, म्हणून मी त्याला आत घेतलं. केवळ तेवढ्यासाठी. किटली ठेवली, भोपळ्याच्या पेल्यात माते चहाची पानं भरून नळी खोचली. मी म्हटल्याशिवाय तो बसला नाही. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत. तू लिहिलं नव्हतंस. तुला दिसली नसतील, मांस उजव्या हाताने कापतात.

चोवीस वर्षं त्याच्याशी बोलायचं म्हणून मी एक भाषण तयार ठेवलं होतं. दर वर्षी त्यात भर घालत होते. त्यातला एक शब्द आठवला तर शपथ. आम्ही वर्कशॉपबद्दल बोललो. कोण मेलं ते मी सांगितलं. जवळजवळ सगळेच मेलेत. तिसऱ्या मातेला त्याने नळी तोंडातून काढली आणि विचारलं, "मोठे, त्या दिवशी तू कुठे होतीस?"

विचारलंन, इरुपे. स्वतःहून. मी सप्टेंबरात तुझ्याकडे भीक मागत होते ते हेच. एका वाक्याचं काम होतं. वाक्य जिभेवर होतं. पण मी त्याच्याकडे पाहिलं तर तो घाबरला होता. पेपर हातात घेण्याआधी नापास होणारी पोरं जशी बघतात, तसा तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि मी म्हटलं, "घरी होते. आईजवळ. झोपले होते."

का म्हटलं ते मला विचारू नकोस. दया आली म्हणावं तर मला दया इतकी चटकन येत नाही. मला वाटतं, खोटं बोलून कसं वाटतं ते मला एकदा बघायचं होतं, तुम्हा दोघांसारखं.

त्याने मोठा श्वास सोडला. म्हणाला, "बरं झालं. मग तुला सांगता येईल. मी वळलो नाही. पोरीने हाक मारली, दोनदा मारली. ऐकली मी. पेटी खांद्यावर होती, ती मी कानाशी ओढून घेतली. वळलो असतो तर गेलो नसतो, आणि मला जायचं होतं. धाकटीला हे सांगता आलं नाही. एवढ्या लोकांसमोर ती म्हणते वळला. तिला वाटतं मी वळलो. तिला कसं सांगू?"

दोन हाका गाण्यात नाहीत, इरुपे. मी घातल्याच नव्हत्या. त्या फक्त तुला लिहिल्या होत्या, आणि तू त्याला सांगितल्या नसणार, कारण तुझ्या गोष्टीत त्या बसत नाहीत. तेव्हा त्याने ऐकल्या होत्या. वळला नाही, पण ऐकलं. चोवीस वर्षं मला वाटत होतं की मी पुरेशा मोठ्याने ओरडले नाही.

 किटलीतलं पाणी उकळायला लागलं तरी उठले नाही. आणि मग तो म्हणाला, "सगळी वर्षं मला वाटायचं ती तू होतीस. आवाज मोठीचा वाटला होता. म्हणून तर इकडे यायची हिंमत झाली नाही. पोरी मोठ्या झाल्या असतील, पत्र तरी टाकावं, असं कितीदा वाटलं. पण पत्र तू उघडशील, आणि तू तिथे होतीस. मग गाणं ऐकलं. कळलं की ती धाकटी होती, आणि तिला तर उलट वाटतंय. तेव्हा कुठे बसमध्ये बसलो."

समजलं का तुला? तो सगळा काळ त्या दांड्यावर मीच होते. जिथे मला असायचं होतं, तिथे होते. विहिरीवर, थंडीत, बोटं तुटली तेव्हा, त्या माणसाच्या डोक्यात एप्रन घालून मी बसले होते आणि दोनदा ओरडत होते. तिथून मला उठवलं तेही मीच. तुझ्या त्या तीन अक्षरांच्या जागेसाठी मीच स्वतःला दांड्यावरून खाली उतरवलं आणि तुला बसवलं, आणि पुन्हा वर तुझ्याशी भांडले.

तेव्हाही मी सांगू शकले असते. मीच होते, असं म्हणायचं. पण मग तो उठला असता, इरुपे. टोपी घेतली असती आणि उठला असता. आणि तो समोर बसलेला होता, माझ्या खुर्चीवर, माझा माते हातात धरून. मी पाणी बदललं आणि आणखी एक भरून दिला.

तेव्हा तू त्याला काही सांगू नकोस. सप्टेंबरात मागितलं होतं ते मी परत घेते. ओळ आहे तशी म्हण. तू त्याच्यापुढे 'वळला' म्हणत राहा, तो ऐकत राहील, मी गप्प राहीन. तिघांनीही खोटं बोलायचं आणि तिघांना जमेल, एकाच घरातले आहोत. हे तुला सांगायचंही नव्हतं. खरं काय ते फक्त मला कळलंय, हे मी एकटीने जपणार होते, तू तुझं मांस जपलंस तसं. पाच दिवस जपलं. पण आपल्याकडे काहीतरी आहे आणि धाकटीला ते ठाऊकच नाही, यात मजा येईना.

हेवा गेला का म्हणशील, तर नाही गेला. उलट आता जास्त वाटतो. पूर्वी तुझा वाटायचा, आता त्या नऊ वर्षांच्या मुलीचाही वाटतो. चोवीस वर्षं एक माणूस तिला घाबरून राहिला, आणि ते तिला कुणी कळवलं नाही.

गुरुवारपर्यंत राहिला. फाटकाची बिजागरी दुरुस्त केली, दोन्या एउफेमियांचा पंप बघून दिला. त्या आता त्याला मानाने 'डॉन एलेउतेरिओ' म्हणतात आणि मलाच विचारतात, असा सोन्यासारखा बाप तुम्ही इतके दिवस बोलावला का नाहीत. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेले. बसमध्ये चढायच्या आधी त्याने माझा हात धरला, अर्ध्या बोटांच्या हाताने, आणि म्हणाला, "मोठे, मी परत येईन. धाकटीपुढे मला अवघडल्यासारखं होतं. तुझ्यासमोर बसता येतं. तू काही पाहिलेलं नाहीस."

झुलेमा